पैनगंगेपलीकडचा भाव

माझ्या लहानपणी आमच्या भागात सगळ्यात जास्त चोरी कापसाची व्हायची, आणि चोर असायचा तो कापसाचा मालकच. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, मी कोडं घालतोय. कोडं वगैरे काही नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, केळापूर तालुका संपतो तिथून पैनगंगा वाहते. पलीकडे आदिलाबाद. तेव्हा ते आंध्रात होतं, आता तेलंगणात आहे. पलीकडचा शेतकरी आपला कापूस वाटेल त्याला विकायचा, अलीकडच्याने तो फक्त सरकारला द्यायचा. माती दोन्हीकडे तीच काळी, सोयरिकी दोन्हीकडे, बोलणंही अर्धं मराठी अर्धं तेलुगू. पलीकडे भाव चढला की अलीकडे रात्रीच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जुंपल्या जायच्या.

कायदा 1971 चा, अंमल 1972 च्या हंगामापासून. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, पुसदचे. कायद्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक नुसतं 'एकाधिकार' म्हणत. महाराष्ट्रात पिकलेला सगळा कापूस सरकार घेणार, जिनिंगमध्ये सरकी काढून गाठी बांधणार, गाठी विकणार आणि वर काही उरलं तर शेतकऱ्याला देणार. खाजगी व्यापाऱ्याने कापूस घेणं गुन्हा, शेतकऱ्याने त्याला विकणं गुन्हा, परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणं गुन्हा. आणि हे सगळं शेतकऱ्याच्या भल्यासाठी. उपरोधाने म्हणत नाही. योजना आली तेव्हा आमच्या गावात तिला विरोध करणारा माणूस दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता.

कारण व्यापारी काय चीज असते ते सगळ्यांनी भोगलं होतं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की अडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. ज्याचा कापूस, तो शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत राहायचा. मग काट्यावर कडता, मग हमाली, मग धर्मादाय, आणि शेवटी मागच्या वर्षीच्या उधारीची वही. त्या रुमालापेक्षा सरकारी फळ्यावर खडूने लिहिलेला भाव शंभर पटीने बरा. सरकारच्या लांब होत जाणाऱ्या हाताबद्दल मी बोलतो तेव्हा हे विसरून चालत नाही. सरकार उगाच घरात शिरत नाही. बहुतेक वेळा आपणच त्याला बोलावलेलं असतं, आणि बोलावण्याचं कारणही खरं असतं.

तसं पाहिलं तर वऱ्हाडच्या कापसावर सरकारची नजर जुनीच. देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 साली कारंज्याला, आताच्या वाशिम जिल्ह्यात, सुरू झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात मिळावा, ही त्यामागची निकड. शेतकऱ्याचं हित त्यात आलं ते ओघाने.

एकाधिकाराचं खरं रूप कळायचं ते संकलन केंद्रावर. हंगामात दसऱ्यानंतर वेचणी सुरू झालेली असायची, पण केंद्र कधी उघडेल ते वरून ठरायचं. तोवर कापूस घरात. घर म्हणजे दोन खोल्या नि ओसरी. एक खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली, दुसऱ्या खोलीत आम्ही सगळे. घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते, हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. सगळ्यांच्या हातापायांवर बारीक पुरळ. आई खोबरेल तेलात कापूर घालून लावून द्यायची आणि रात्रभर सगळं घर खाजवत पडलेलं असायचं. शेवटी केंद्र उघडल्याची बातमी आली की बंडी भरायची, वर चादरी ताणून बांधायच्या आणि रांगेत जाऊन लागायचं. रांग रस्त्यावर दूरपर्यंत. रात्री बंडीखाली झोपायचं, बैलांना सोबत आणलेला कडबा घालायचा, आणि सकाळी कळायचं की आज बारदाना नाही किंवा आज काटा बंद आहे.

मग यायचा ग्रेडर. त्याचं काम मी अगदी जवळून पाहिलं आहे, बंडीवर चढून. तो बंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलके हलके ओढायचा. धागे समांतर करून त्यांची लांबी नखाशी लावून बघायचा. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. आणि त्या अर्ध्या मिनिटात आमच्या वर्षाचा निकाल. तो एक ग्रेड बोलायचा, शेजारचा मुनीम चिठ्ठीवर लिहायचा. बाबा म्हणायचे, "साहेब, जरा उन्हात धरून पाहा ना, माल कोरडा हाय." साहेब तोवर पुढच्या बंडीवर गेलेले. ग्रेड पटली नाही तर जायचं कुठे? रुमालवाला व्यापारी नालायक होता, पण एका व्यापाऱ्याचा भाव पटला नाही तर बंडी वळवून दुसऱ्याच्या दारात नेता यायची. त्याला ते माहीत असायचं, आणि तेवढी एकच गोष्ट त्याला थोडंफार माणसात ठेवायची. ग्रेडर वाईट माणूस असायचाच असं नाही. त्याच्यासमोर उभा असलेला शेतकरी दुसरीकडे जाऊच शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि इतकं ठाऊक असताना रोज सभ्यपणे वागायला संतपणा लागतो. नोकरभरतीच्या जाहिरातीत संतपणाची अट नसते.

चुकाऱ्याचं वेगळंच. पैसे हप्त्यांनी यायचे, त्यातून भांडवल निधीसाठी काही टक्के कापलेले असायचे. त्या निधीची पावती आमच्या घरी टिनाच्या पेटीत कितीतरी वर्षं पडून होती. सोसायटीचं कर्ज आधीच वळतं झालेलं असायचं. घरात लग्न असलं तर चुकाऱ्याच्या अंदाजाने मुहूर्त काढायचे आणि मुहूर्त आला तरी चुकारा आलेला नसायचा.

आजीचा गुन्हा सगळ्यात मजेशीर होता. आमच्याकडे बायका वेचणीच्या दिवसांत ओटीतला थोडा कापूस बाजूला ठेवायच्या. पायलीभर, टोपलंभर. तो गावातल्या किराणा दुकानात द्यायचा आणि बदल्यात तेल, मीठ, चहापत्ती, कधी नातवाला गोळ्या. नवऱ्याच्या हाती न लागणारा, बाईच्या हक्काचा तेवढाच पैसा. दुकानदार टोपली टोपली करत क्विंटलभर जमवायचा आणि पुढे विकायचा. एकाधिकाराच्या हिशोबाने दुकानदार बेकायदा खरेदी करणारा आणि आजी बेकायदा विक्री करणारी. तिला कुणी पकडायला आलं नाही हे खरं. पण दुकानदाराकडे बेकायदा कापूस पकडणाऱ्या पथकाचा माणूस अधूनमधून येऊन बसायचा, चहा प्यायचा, काहीतरी खिशात घालून जायचा, आणि ते जे खिशात जायचं ते शेवटी आजीच्या तेलातूनच कमी व्हायचं. मुंबईत कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठा व्यापारी असणार. टोपलीवाली म्हातारी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, पण कायद्याच्या कक्षेत ती आलीच.

रात्रीचं जाणं मात्र मर्दाचं काम समजलं जाई. उन्हाळ्याकडे झुकता हंगाम, पैनगंगेला उतारावर गुडघाभर पाणी. बंडीत तळाला कापूस दाबून भरायचा, वर कडब्याच्या पेंढ्या रचायच्या. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवायची. पलीकडे सोयऱ्याच्या वाड्यात माल उतरवायचा, उजाडायच्या आत परत. आबाजींचा याला विरोध होता, पण तो कायद्याच्या भीतीने नव्हता. पकडले तर कापूस जप्त होतो, त्याचं त्यांना एवढं नव्हतं. बंडी आणि बैलही जातात, याचा त्यांना घोर होता. "कापूस गेला त एक साल गेलं. बैल गेले त मंग काय नांगराले तू जुपशीन?" असं ते बाबांना विचारायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं. "वावर आपलं, बैल आपले, मेहनत आपली. मंग चोरी कोनाची केली मी?" आबाजींकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, आणि मी तर पुढे वकिली शिकलो.

नाक्यावरचा शिपाई बहुतेक वेळा आमच्याच कुणाचा तरी मुलगा असायचा. त्याच्या घरी कापूस होता आणि त्याचा भाऊही त्याच उताराने जायचा. तरी त्याने बंडीमागे ठरलेले पैसे घ्यायचे, ठरलेले पैसे वर पोचवायचे, आणि महिन्याकाठी एखादी केस दाखवायची. केस कुणाची व्हायची? ज्याची एकच बंडी होती आणि ओळख नव्हती त्याची. ट्रक भरून नेणाऱ्याला नाका लागल्याचं मी ऐकलं नाही. अधिकार वाढले की ते सगळ्यांवर सारखे वाढतात असं कागदावर दिसतं. रस्त्यावर ते वजनाच्या उलट्या प्रमाणात पडतात.

पुढे तर गंगा उलटी वाहिली. 1990 च्या दशकाच्या शेवटी जागतिक बाजारात कापूस पडला, आणि महाराष्ट्र सरकारने निवडणुकांकडे बघत भाव चढा ठेवला. मग शेजारच्या राज्यांचा कापूस इकडे येऊन आमच्या शेतकऱ्यांच्या नावाने केंद्रांवर विकला जाऊ लागला. तोच नाका, तोच उतार, बंड्यांची तोंडं फक्त फिरलेली. योजनेचा तोटा हजारो कोटींत गेला, आणि 2002 नंतर खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. तीस वर्षं. मधे मधे मुदतवाढ मिळत गेली. मोडली ती पैसे संपले म्हणून. शेतकऱ्याचा हक्क होता आणि तो हिरावला गेला होता, असं कुणी विधानभवनात उभं राहून म्हणाल्याचं मला आठवत नाही.

वकिली शिकताना एकदा मी या कायद्याच्या आज्या-पणज्या शोधत बसलो होतो. गंमत अशी की मूळ निघालं दुसऱ्या महायुद्धात. 1939 च्या भारत संरक्षण नियमांखाली इंग्रज सरकारने माल, भाव, वाहतूक सगळं हातात घेतलं. युद्ध चाललेलं, समजू शकतं. युद्ध संपलं, नियम संपायला आले, तेव्हा 1946 मध्ये नवा कायदा आला. त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. मग स्वातंत्र्य आलं. 1954 मध्ये तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, नोंद 33 मध्ये, अन्नधान्य आणि वैरणीच्या सोबत कापसाचं आणि सरकीचं नाव लिहिलं गेलं. 1955 मध्ये आवश्यक वस्तू कायदा आला, त्याच्या यादीतही कापूस. साहेबाने लढाईपुरता म्हणून उचललेला दंडुका आपण चौकटीत बसवून भिंतीवर टांगला. 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, चाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा आवश्यक वस्तू कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला. तिथे गेलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून कोर्टात आव्हान देता येत नाही, अशी ती 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने करून ठेवलेली सोय. सुरुवातीला त्यात 13 कायदे होते, जमीनदारी मोडण्यासाठीचे. हेतू चांगला होता हे इथेही मान्य. आज तिथे 284 नोंदी आहेत. 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 24 एप्रिल 1973 नंतर तिथे घातलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीवर घासून बघता येतील. म्हणजे दार किलकिलं झालं. पण दाराशी जायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात आणि कापसाचे चुकारे... असो.

आणीबाणी म्हटलं की आपल्याला कऱ्हाडचं साहित्य संमेलन आठवतं. डिसेंबर 1975. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभामंडपाला उभं करणारी ती बाई. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पुढे बाईंना तुरुंगात जावं लागलं. पण आपल्या मनात आणीबाणी म्हणजे अग्रलेखांच्या कोऱ्या चौकटी, मिसाबंदी, नाशिक रोड आणि येरवडा. मार्च 1977 मध्ये ती उठली, लोकांनी पेढे वाटले. त्याच काळात आमच्या भागातला शेतकरी पीक कुणाला विकायचं ते ठरवू शकत नव्हता, ते राज्याबाहेर कुठे न्यायचं ते ठरवू शकत नव्हता, रस्त्यावर कुणीही गणवेशवाला त्याची बंडी उलटी करून बघू शकत होता. हे आणीबाणीच्या आधीही होतं आणि नंतरही राहिलं. पेढे वाटणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण हे 'आर्थिक धोरण' होतं.

मी पहिल्यांदा यावर उघड बोलताना ऐकलं ते शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना. कॉलेजात होतो, छातीवर लाल बिल्ला लावलेल्या गर्दीत कुठेतरी मागे. जीन्स घातलेला, स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती घेऊन बसलेला माणूस, आणि समोर धोतर-टोपीवाल्यांचा समुद्र. घसा ताणणं नाही. हळूहळू हिशोब मांडत जायचा, बियाणं इतकं, मजुरी इतकी, हाती आलं इतकं, मग फरक गेला कुठे? 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा तोवर आम्हाला भाववाढीची मागणी वाटायची. 1986 चं कापूस आंदोलन झालं ते भावासाठीच. त्या डिसेंबरात हिंगोलीजवळ सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. घोषणेतला पहिला अर्धा भाग मला पुढे हळूहळू उमगला. जोशींचं म्हणणं असं की सूट-सबसिडी देणारा हातच आधी खिसा कापतो. तो हात बाजूला करा, बाकी आमचं आम्ही बघतो. त्यांच्यासारखा मी बाजारावर विसंबून नाही. रुमालाची गोष्ट ऐकत वाढलेला माणूस बाजाराची आरती करू शकत नाही. पण त्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली: शेतकऱ्याला लाचार ठेवणाऱ्या व्यवस्थेला त्याची माय-बाप म्हणू नका.

शहरात राहायला आल्यावर मला एक नवल दिसलं. इथे स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणारे दोन गट आहेत आणि दोघांना स्वातंत्र्य अर्धं हवं आहे. एकाला लिहिण्या-बोलण्याचं, खाण्या-पिण्याचं, लग्नाचं स्वातंत्र्य प्राणाहून प्रिय. पण डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाशिकचा शेतकरी रडला, यांच्या तोंडून चकार शब्द नाही. कांदा स्वस्त झाला की. दुसऱ्याला व्यापार मोकळा हवा, परवाने नकोत, इन्स्पेक्टर नकोत. पण जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा आणि तिच्याशी संबंध ठेवणाऱ्याला अजामीनपात्र गुन्ह्यात अडकवण्याचा अधिकार दिला, तेव्हा हे म्हणाले, साध्या माणसाला घाबरायचं काय कारण? कडव्या डाव्यांसाठी आहे ते. मी विधेयक वाचलं आहे. सार्वजनिक व्यवस्थेत अडथळा, कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा, कायदा मोडायला प्रोत्साहन, अशी त्यातली भाषा. 1986 चा रास्ता रोको यात बसतो की नाही, हे ज्याच्या हातात त्या दिवशी कायदा असेल तो ठरवणार. आज जे सत्तेत आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवा, असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो की परवा जे होते आणि उद्या जे येतील त्यांच्याही हातात हाच कागद द्यायला तुम्ही तयार आहात का. बहुतेक जण विषय बदलतात. 1972 चं सरकार एका पक्षाचं होतं, 2002 चं दुसऱ्या आघाडीचं, मधे युतीचं येऊन गेलं. पैसे संपेपर्यंत नाका कुणीच उठवला नव्हता.

गावी आता पुतण्या शेती करतो. त्याच्याशी बोलताना मला बरं वाटतं, कारण त्याच्यासमोर तत्त्वज्ञान टिकत नाही. गेली काही वर्षं तो चोर बीटी लावतो. म्हणजे तणनाशक सोसणारं, सरकारी मान्यता नसलेलं कापसाचं बियाणं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, पावसाची झड लागली की तण कमरेला येतं. म्हणून तो रात्री कुठूनतरी पाकिटं आणतो. पाकिटावर नाव एक, आत बियाणं भलतंच, पावती नाही. उगवलं तर उगवलं, फसलं तर तक्रार कुणाकडे करणार? जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी हेच बियाणं दिवसाढवळ्या, माध्यमांना बोलावून पेरलं. गुन्हे दाखल झाले. पर्यावरण कायद्याखाली त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता.

मला त्या बियाण्याबद्दल स्वतःला शंका आहेत. तणनाशकाचं काय होतं जमिनीत, पाण्यात, फवारणाऱ्याच्या फुप्फुसात, याचा नीट तपास व्हायला हवा आणि तो सरकारनेच करायला हवा; सरकारने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. पण तपास करून हो किंवा नाही सांगायचं सोडून फाइल वर्षानुवर्षं दाबून ठेवायची आणि दरवर्षी जूनमध्ये धाडी घालायच्या, याला जैवसुरक्षा म्हणत नाहीत. बंदीमुळे पेरा थांबलेला नाही. थांबली आहे ती पावती. पाकिटात काय आहे ते कळण्याचा हक्क तेवढा गेला. पुतण्या हे सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "काकाजी, तपास होईस्तोवर मी निंदत बसू का?"

मागच्या हंगामात त्याने मला चांगलंच पकडलं. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी आमची वेचणी संपेपर्यंत. बाजार बसला. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आणि खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, त्याच्या किती खाली मागत होता ते सांगून मी कुणाचा दिवस खराब करत नाही. कापूस केंद्राच्या कापूस महामंडळाला द्यायचा तर आधी मोबाइलच्या अ‍ॅपवर नोंदणी, आधार, सातबारा, पीक पाहणी, आणि कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या आत. ऑक्टोबरात पाऊस पडलेला. पुतण्या फोनवर म्हणाला, "तुमचं ते स्वातंत्र्य सध्या काय भाव चाललं हाय, काकाजी? इकून टाकतो."

मी म्हटलं, आयात मोकळी करताना दिल्लीने तुला विचारलं होतं का? मार्च 2012 मध्ये भाव होता तेव्हा एका रात्रीत निर्यात बंद केली, तेव्हा तुझ्या बापाला विचारलं होतं? भाव चढला की दार बंद, पडला की दार उघडं, आणि दाराची कडी कायम दुसऱ्याच्या हातात; याला मी मोकळा बाजार म्हणत नाही. तो म्हणाला ते सगळं ठीक आहे, पण बँकेचा माणूस मार्चमध्ये येतो, तो हे ऐकून घेत नाही. हेही खरं.

मग आम्ही तासभर हिशोब केला. त्याने निम्मा कापूस उन्हात वाळवून, नोंदणी करून, महामंडळाच्या केंद्रावर नेला. थोडा खेडा खरेदीवाल्याला दिला, कारण मजुरांचे पैसे रोख द्यायचे होते. उरलेला घरात भरून ठेवला आहे, फेब्रुवारीत तेजी आली तर बघू म्हणतो, आणि नाहीच आली तर आदिलाबादच्या बाजारात काय चाललंय त्याची तो रोज फोनवर चौकशी करतो. आता ट्रॅक्टर-ट्रॉली सरळ महामार्गावरून, पुलावरून, दिवसा जाते. वहिनी म्हणते, पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे, लवकर काय ते ठरवा.